एकच गाडी, दोन चालक: आई आणि मुलानं ऑटोक्रॉसला कुठून सुरुवात करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंनी विचारलंय: वय ४६, रोज स्वतः गाडी चालवत अंबडच्या कारखान्यात जाते. मुलगा सतरा वर्षांचा, फेब्रुवारीत अठरा पूर्ण होतील. दोघांनी मिळून हौस म्हणून ऑटोक्रॉस (मैदानावर आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाशी गाडीची स्पर्धा) करायचं मनात आहे. घरची स्विफ्ट चालेल का? मुलाला आत्तापासून सराव देता येईल का? धोका किती? आणि त्याला मी शिकवू की दुसऱ्या कुणाला सांगू?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण बहुतेक आईबाप तो विचारतच नाहीत. त्याचं उत्तर आधी देतो: तुम्ही शिकवू नका. तुम्ही स्वतः भाग घ्या, त्याच गाडीवर, त्याच दिवशी, त्याच्याइतक्याच नवख्या म्हणून. मी पूर्वी रॅली चालवायचो, आता बरीच वर्षं स्क्रूटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधी गाड्या तपासायच्या, टेबलामागे उभा असतो, आणि तिथून अशा जोड्या दिसत राहतात. एक जण चालवतो आणि दुसरा दोरीपलीकडून सूचना करतो, ती जोडी थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते. दोघंही हेल्मेट घालतात ती टिकते. त्याबद्दल पुढे बोलू. आधी कायदा आणि विमा, कारण तिथे घोटाळा झाला तर ब्रेक कधी दाबायचा वगैरे सगळी चर्चा फुकट.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक जागी चारचाकी चालवायला अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला की पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. तुमच्या घरी पालक तुम्ही, आणि बहुधा आरसी बुकावर नावही तुमचंच. यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न म्हणजे, "मामांच्या शेतात चालवली तर?" कायद्यातली सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेली जागा. कुंपण घातलेलं खासगी रान त्यात बसत नाही, असं एखादा वकील म्हणू शकेल. पण तिथवर गाडी तुम्ही चालवत न्यायची, आणि एमआयडीसीतला रविवारी ओस पडलेला रस्ता म्हणजे मामांचं शेत नव्हे. कलम १८९ तर वेगळंच आहे: परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. लायसन्स असलं तरीही. म्हणून गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा कसारा घाटात पहाटे "जरा प्रॅक्टिस" हा विषय घरात निघूच देऊ नका. ऑटोक्रॉसमध्ये शिकायच्या गोष्टी घाटात शिकता येतच नाहीत. तिथे गाडी घसरेपर्यंत चालवावी लागते, आणि घाटात घसरायला जागा नसते.

हिशेब असा लावा. वाढदिवसानंतर शिकाऊ लायसन्स, त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी. म्हणजे मार्चअखेरीच्या आत मुलाची पहिली स्पर्धा होत नाही. तोवर त्याला हात चोळत बसायची गरज नाही. कार्टिंगला रस्त्याचं लायसन्स लागत नाही आणि राष्ट्रीय पातळीवर त्यात लहान मुलांचे वेगळे वर्ग असतात. चांगला लांब ट्रॅक हवा असेल तर कोल्हापूरजवळ हुपरीला मोहितेंचा आहे. एका मुक्कामाची सहल म्हणून दोघं जाऊन या. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे वजन पुढे गेलं, मागे गेलं, हे थेट पाठीला कळतं. मॉलमधल्या कार्टवर तेवढं शिकायला मिळत नाही. तिथे एकमेकांना धडका द्यायची सवय मात्र लागते. दुसरं काम म्हणजे एखाद्या स्पर्धेत हात लावायला जाणं: टायमिंगच्या टेबलाशी वेळा लिहून घेणं, दारावर नंबर चिकटवणं. चांगले चालक कुठे हळू जातात, हे दिवसभर बघून त्याला जे कळेल ते व्हिडिओ बघून कळणार नाही.

तुम्हाला मात्र थांबायचं कारण नाही. तुमचं लायसन्स आहे, तुम्ही आधी एक स्पर्धा करून या. मुलगा त्या दिवशी तुमच्या टायरमध्ये हवा भरेल.

आता विमा. तुमची पॉलिसी काढा आणि वापराच्या मर्यादा लिहिलेला परिच्छेद वाचा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, पेस मेकिंग (शर्यतीत इतरांना वेग ठरवून देणं), वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. हे शब्द सगळ्या कंपन्यांच्या कागदात जवळजवळ सारखेच सापडतील. म्हणजे मैदानावर बंपर फुटला, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटलं, गाडी उलटली, तर खर्च तुमचा. बंपर-टू-बंपर, झिरो डेप वगैरे जोडण्या घेतल्या असल्या तरी मूळ पॉलिसीच लागू नसते. तुमच्या स्वतःच्या आरोग्य विम्यातही धाडसी खेळांबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि स्पर्धेच्या लायसन्सबरोबर अपघाताचं कवच काय मिळतं, किती मिळतं, हे नाव नोंदवतानाच विचारा. आयोजकाला हा प्रश्न आवडला नाही, तर त्या स्पर्धेला न गेलेलं बरं.

स्विफ्ट चालेल का, याचं उत्तर यातच आहे. गाडी म्हणून उत्तम: हलकी, पुढच्या चाकांना ताकद, सुटे भाग नाशकात द्वारकेपासून सातपूरपर्यंत कुठेही. पण हप्ते चालू असतील आणि सोमवारी हिनंच कामावर जायचं असेल, तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. पहिल्या एक-दोन स्पर्धा घरच्या गाडीवर, राखून चालवून करायला माझी हरकत नाही. गोडी लागली तर मग जुनी झेन, एस्टीम किंवा अल्टो बघा, दोघांत मिळून. पहिल्याच आठवड्यात गाडी विकत घेणारे पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर आता अंगणात वाळवणं पडतात.

खेळ नेमका कसा असतो ते थोडक्यात. इंटरनेटवर दिसतं ते अमेरिकेतलं ऑटोक्रॉस: डांबरी पार्किंगमध्ये मांडलेले कोन (रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे शंकू) आणि एकेक गाडी. आपल्याकडे ते बहुतेक मातीवर होतं. मोकळं मैदान किंवा मुरमाची जागा, त्यात कोन, टायर आणि पट्ट्यांनी आखलेला वळणावळणाचा मार्ग, आणि घड्याळ. काही ठिकाणी दोन गाड्या एकदम सोडतात, पण मार्गाच्या वेगवेगळ्या टोकांवरून. समोरासमोर झुंज नाही. फेरी साधारण एक-दोन मिनिटांत संपते. कोन पाडला की वेळेत दंड मिळवला जातो; मार्ग चुकला तर ती फेरीच गेली. किती सेकंदांचा दंड, किती फेऱ्या, सर्वांत चांगली वेळ धरायची की बेरीज, हे प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीत असतं आणि ते आदल्या रात्री वाचायचं असतं. वर्ग बहुधा इंजिनाच्या क्षमतेनुसार पाडतात. बऱ्याच ठिकाणी महिलांचा वेगळा वर्ग असतो, पण ताई, तुम्ही खुल्या वर्गातही नाव द्या. फेऱ्या जास्त मिळतात.

राष्ट्रीय पातळीवर हा खेळ फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, चालवते. स्पर्धेची परवानगी आणि चालकाचं स्पर्धा-लायसन्स तिच्याकडून. देशातले मोठे कायमचे ट्रॅक चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडाला, आपल्याला लांब. पण नाशिक या खेळाला परकं नाही. राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या या परिसरात झालेल्या आहेत, महिंद्राची ऑफ-रोड शिकवणारी अकादमी इगतपुरीला आहे, आणि अंबड-सातपूरच्या गॅरेजांत रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला पोलादी सांगाडा) वेल्ड करणारे आणि सस्पेन्शन समजणारे लोक भेटतात. जागेवर गेल्यावर मी तीन गोष्टी बघतो: रुग्णवाहिका उभी आहे का, प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे केलेत का, आणि सुरुवातीला चालकांना नियम-सूचना सांगणारी ब्रीफिंग होते का. वळणाच्या बाहेर माणसं दिसली तर मी गाडीतून उतरतच नाही, सरळ घरी येतो.

धोक्याचं विचारलंत. ऑटोक्रॉसमध्ये वेग फार नसतो, बहुतेक मार्ग दुसऱ्या गिअरमध्येच जातो. समोरून वाहन येत नाही, झाडं-खांब मार्गापासून दूर हवेत. खरा धोका गाडी उलटण्याचा. मातीवर आडवी घसरणारी गाडी सहसा उलटत नाही. पण घसरता घसरता चाक चाकोरीत किंवा खड्ड्याच्या कडेला अडकलं की उलटते. पन्नास गाड्या गेल्यावर मुरमात चाकोऱ्या पडतातच, म्हणून दुपारच्या फेरीआधी मार्ग पुन्हा पायी फिरून या. उंच गाडीला हा धोका जास्त, म्हणून "एसयूव्ही आहे ना, मातीसाठीच असते" हा शेजाऱ्यांचा सल्ला सोडून द्या.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि सुती पँट. नायलॉन, पॉलिस्टर नको, आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. पातळ तळव्याचे बूट. हेल्मेट दोघांची दोन, प्रत्येकाच्या मापाची. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा स्टिकर असलेल्या हेल्मेटवर "एसए" किंवा "एम" लिहिलेलं असतं. एसए गाडीच्या शर्यतीसाठी, त्याला आगीची चाचणी असते. एम मोटारसायकलसाठी, त्याला ती नसते. नवशिक्यांच्या वर्गात काय चालतं ते नियमावलीत पाहून मगच पैसे घाला.

गाडीतून सगळं काढा: मॅट, बाटली, छत्री, डिकीतला जॅक, स्टेपनी, आणि डॅशबोर्डवरचा गणपती. यावरून स्क्रूटिनीत दरवेळी वाद होतो. चिकटवलेली मूर्ती उन्हानं सैल होते आणि पहिल्या जोरदार ब्रेकला ती तुमच्या तोंडावर येते. बाप्पाला त्या दिवशी घरी ठेवा. नारळ बाहेर फोडा. बॅटरी हलवून बघा, हलायला नको. स्विफ्टच्या टूलकिटमध्ये स्क्रूसारखं फिरवून लावायचं टोइंगचं हुक असतं, बंपरवर त्यासाठी छोटं झाकण असतं. बहुतेक मालकांनी ते कधी उघडलेलं नसतं. घरीच लावून बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. पुढच्या एक्सलवरचे रबरी बूट फाटलेत का, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट ढिले आहेत का, हे तुमच्या मिस्त्रीला उजेडात बघायला सांगा. टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा दोन-चार पीएसआय जास्त ठेवा. कमी हवेत पकड वाढते हे खरं, पण रस्त्याचा टायर कमी हवेवर आडवा घसरला की रिमवरून सुटतो.

चालवायचं कसं, हे वाचून येत नाही. पण काय जाणवायला हवं ते सांगतो. आधी बसणं. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. आपल्याकडची तरुण मुलं सीट मागे पाडून, एका हातानं चालवतात. तुमचा मुलगाही तसाच बसेल, कारण त्यानं ज्यांना पाहिलंय ते तसेच बसतात.

मुरमाचा वरचा थर सुटा असतो, खाली कठीण. चाक त्या सुट्या थरावरून तरंगतं. ब्रेक जोरात दाबून चाक जाम झालं की पुढे मातीची पाचर साचते आणि तीच गाडी अडवते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून मातीवर एबीएसची गाडी उलट लांब जाऊन थांबते. म्हणून ब्रेक लवकर, सरळ रेषेत, आणि वळायच्या आधी सोडलेला. स्विफ्टसारखी गाडी वळणात जास्त वेगानं नेली की पुढची चाकं वळलेली असूनही गाडी सरळ ढकलत जाते. अशा वेळी माणूस स्टिअरिंग आणखी पिळतो. त्यानं काहीच होत नाही. एक्सिलरेटर थोडा सोडायचा, स्टिअरिंग किंचित उलगडायचं, पकड परत यायची वाट बघायची. ती अर्ध्या सेकंदाची वाट बघणं हे या खेळातलं सगळ्यांत अवघड काम आहे. उलट, वळणाच्या ऐन मध्यावर घाबरून एक्सिलरेटर एकदम सोडला, तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागची बाजू फेकली जाते. गाडी फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून ठेवायचे, इंजिन चालू ठेवायचं आणि मार्शलच्या (मार्गावर उभ्या अधिकाऱ्याच्या) झेंड्याकडे बघायचं. हँडब्रेकनं गाडी फिरवणं पहिल्या हंगामात नको. दिसायला झकास, वेळ वाया.

आणि नजर. जो कोन पाडू नये असं वाटतं, त्याच्याकडे बघत राहिलात की तोच पडतो. पुढच्या कोनाकडे नाही, त्याच्या पुढच्याकडे बघा.

आता तुम्ही दोघं. एकाच गाडीवर दोन चालकांची नावं घ्यायला बऱ्याच ठिकाणी परवानगी असते. नियमावलीत खात्री करा आणि दोघांच्या फेऱ्यांत पुरेसं अंतर ठेवायला आयोजकांना आधीच सांगा. सीट कुठवर सरकवायची त्याच्या दोन खुणा रंगीत टेपनं रुळावर करा, दारावरचे नंबर टेपनंच बदलता येतील असे ठेवा. या व्यवस्थेतली गंमत अशी की गाडी तीच, टायर तेच, माती जवळजवळ तीच. वेळेत फरक पडला तर "तुझी गाडी चांगली आहे" म्हणायला जागाच उरत नाही. जवळजवळ म्हणतो, कारण मातीवर आधी गेलेल्यांच्या चाकांनी सुटा मुरूम बाजूला होतो आणि पुढच्याला कठीण थर मिळतो. म्हणून आधी कोण, हे प्रत्येक स्पर्धेला आलटून पालटून ठेवा. नाहीतर जेवणाच्या टेबलावर हाच मुद्दा निघेल.

सुरुवातीला बहुधा असं होईल: तुमची फेरी स्वच्छ, एकही कोन न पडलेली, थोडी हळू. मुलाची वेगवान, तीन कोन पाडलेली, दंड धरला तर तुमच्या मागे. त्याला वाटेल, आपण वेगवान आहोत, नशीब वाईट. तुम्हाला वाटेल, आता याला समजावून सांगावं. नेमकं तिथेच गप्प बसायचं. फेरी संपवून हेल्मेट काढलेल्या मुलाच्या कानात अजून इंजिनाचा आवाज असतो. आईचं वाक्य, कितीही बरोबर असलं, तरी त्याला ते दहावीच्या मार्कांबद्दलच्या वाक्यासारखं ऐकू येतं. विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: "वेळ कुठे गेला असं वाटतं?" आणि उत्तर मिळालं की त्यावर शेरा नको. तंत्र सांगायला दुसरा कुणीतरी शोधा. अनुभवी चालक नवख्याला सांगायला बहुतेक तयार असतात, चहा पाजला की जास्तच. तुम्हाला वेगळा, त्याला वेगळा. एकाच माणसाकडून दोघं शिकलात तर घरी त्याच्या वाक्यांचे अर्थ लावण्यात संध्याकाळ जाईल.

मार्ग पायी एकदा एकत्र फिरा, एकदा वेगवेगळे. तोच मार्ग तुम्हाला आणि त्याला वेगळा दिसतो, आणि दोघांच्या टिपणांची तुलना करणं ही त्या दिवसातली सगळ्यांत निवांत गोष्ट असते. काही स्पर्धांनी तो मागे असेल, नंतर तो पुढे जाईल. तरुणांचे हात आणि डोळे लवकर शिकतात, एकदा वाट बघायला शिकले की सुसाट जातात. त्या दिवशी तुम्हाला काय वाटेल ते मी सांगू शकत नाही, पण पुढच्या स्पर्धेचं नाव तरीही नोंदवा.

पैशाचं आधी बोलून ठेवा. गाडी कुणाच्याही हातात असताना मोडू शकते. मोडली तर खर्च दोघांच्या ठरलेल्या डब्यातून, आणि "तू मोडलीस" हे वाक्य नाही. मुलाची मिळकत नसेल तर त्याचा वाटा श्रमाचा: गाडी धुणं, चाकं बदलणं, फिल्टर साफ करणं. स्पर्धेच्या दिवशी पाणी भरपूर, ओआरएस, टोप्या, एक ताडपत्री. मिसळ सकाळी नको, तर्रीवर हेल्मेट घालून बघा म्हणजे कळेल, परतताना खा. पावसानंतर लगेच काळ्या मातीच्या जागेवर स्पर्धा असेल तर जाऊ नका. ती माती टायरच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. मुरमाची जागा चालेल.

संध्याकाळी घरी आलात की त्याच दिवशी एअर फिल्टर काढून झटका, चाकांच्या आतल्या बाजूला अडकलेली माती पाण्यानं काढा (नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरेल), चाकांचे नट पुन्हा आवळा, हवा रस्त्याच्या आकड्यावर आणा, आणि गल्लीत हळू वेगात दोन-चारदा ब्रेक दाबून बघा. ब्रेकमधून खरखर आली तर सोमवारी कंपनीच्या बसनं जा.